सात नंबरचं बूच

मी सात नंबरची होडी बोलतेय. शिडाची, लहानशी, एका माणसापुरती. बोलतेय म्हणाले खरी, पण आपण बोलतोय की नुसतंच पाण्यावर आपटतोय, हे मला कधीच खात्रीनं सांगता आलेलं नाही. तेव्हा जरा सांभाळून घ्या.

माझा जन्म एका पत्र्याच्या शेडमध्ये, साच्यात झाला. काचेच्या धाग्यांचं कापड, त्यावर डोळ्यांना झोंबणारं रसायन, ते वाळलं की पुन्हा कापड. माझं पोट पोकळ आहे आणि चारी बाजूंनी बंद. आत हवा कोंडलेली, म्हणून मी तरंगते. मला साच्यातून सोडवणाऱ्या कारागिरानं माझ्या पाठीवर थाप मारली आणि म्हणाला, "ही काही केल्या बुडायची नाही." मी ते फार मनावर घेतलं. उलटायचं नाही, बुडायचं नाही. आयुष्यात एवढी एक गोष्ट तरी स्पष्ट होती.

ती फार टिकली नाही.

माझा पहिला मालक दातांचा डॉक्टर. त्यानं मला हौसेनं आणलं आणि गॅरेजमध्ये दोन स्टुलांवर पालथं घातलं. माझ्या पोटावर एक जुनी गादी, गादीवर रंगाचे डबे. तीन वर्षं. मला वाटायला लागलं, होडी म्हणजे बहुधा हेच असावं. एक दिवस त्याची बायको म्हणाली, "ही जाईल, नाहीतर मी जाईन," आणि तो आळीपाळीनं दोघींकडे बघत राहिला. शेवटी मी गेले. तलावाकाठच्या शिडाच्या होड्यांच्या क्लबात.

तिथं शिकवायला मास्तर आहेत. आठवडाभर शाळेत मुलांना कवायत शिकवतात आणि रविवारी मोठ्या माणसांना वारा. पहिल्याच रविवारी मला पाण्यात घातलं आणि ते शांतपणे म्हणाले, "हं, आता हिला उलटी करा."

मी केवढी दचकले. पण खरंच तसंच असतं. आधी मुद्दाम उलटायचं, मग होडीच्या तळातून बाहेर आलेल्या फळीवर उभं राहून तिला सरळ करायची. उलटता आल्याशिवाय कुणाला एकट्यानं जाऊ देत नाहीत. आणि बाकीचंही सगळं असंच. सुकाणूचा दांडा डावीकडे ढकलला की मी उजवीकडे वळते. वारा समोरून असला की जिथं जायचं तिथं तोंड करायचं नाही, या अंगानं, त्या अंगानं, वाकडंतिकडं जायचं. शिकणारे गोंधळतात आणि वैतागून मला म्हणतात, "अगं तिकडे कुठे?" मला काय विचारता? मीही तेच विचारत असते.

आता बुचाचं सांगते, कारण सगळं त्यानंच झालं. माझ्या मागच्या बाजूला, खाली, अंगठ्याएवढं भोक आहे. पोटात झिरपलेलं पाणी काढायला. पाण्यात उतरण्याआधी त्यात बूच घट्ट बसवायचं, परत आल्यावर काढायचं. बुचं हरवायला लागली तेव्हा मास्तरांनी नियम केला, की बूच होडीला नाही, शिकणाऱ्याला. प्रत्येकाच्या लाइफ जॅकेटला एक दोरी, दोरीला ज्याच्या त्याच्या होडीचं बूच, लावताना ते दोरीतून सोडवायचं. निघताना मास्तर धक्क्यावरून हजेरी घेतल्यासारखं विचारतात, "बूच?" आणि सगळे एका सुरात, "लावलं." कुणी वाकून बघत नाही.

माझ्या वाट्याला वहिनी आल्या. त्यांना इथं आणलं त्यांच्या नणंदेनं. नणंद तीन नंबरची होडी चालवते आणि फार छान चालवते. ती "वहिनी, वहिनी" करत असते, म्हणून मीही वहिनी म्हणते. वहिनी चष्म्याच्या दुकानात काम करतात. स्वतःचा चष्मा दोरीनं बांधलेला, खिशात काचा पुसायचं पिवळं कापड. तुषार उडाले की पुसतात, पुन्हा उडाले की पुन्हा पुसतात.

एकदा नणंदेनं विचारलं, "पोहायला येतं, फिरायला जातेस, मग हेच का गं हवंय तुला?"

वहिनी शिडाची दोरी गुंडाळत होत्या. म्हणाल्या, "दुकानात गिऱ्हाईक हाक मारतं. घरी तुझा भाऊ, तुझी आई, पोरं. न्हाणीघरात असले तरी दारावर थाप. मला एक तास अशा ठिकाणी बसायचंय, जिथं कुणाचीच हाक येत नाही."

"मग मला कशाला सांगितलंस? आता मीच हाका मारीन."

"तूच तर सगळ्यात जास्त मारतेस, नणंदबाई."

पण एकटं जायला परीक्षा असते. तलावात तरंगत ठेवलेल्या तीन नारिंगी पिंपांना वळसा, दुसऱ्या पिंपाजवळ उलटायचं, सरळ करायचं, परत यायचं. मास्तरांच्या मोटारबोटीचा हात लागला की नापास. वहिनी दोनदा नापास झाल्या होत्या. तिसऱ्यांदा झाल्या तर जागा दुसऱ्याला आणि पुढच्या वर्षी पहिल्यापासून.

त्या तिसऱ्या सकाळी वहिनींच्या जॅकेटचं बक्कल लागेचना. मास्तर घड्याळ बघत होते. नणंद नुकतीच तीन नंबर धक्क्याला बांधून आली होती. तिनं आपलं जॅकेट काढून वहिनींना चढवलं आणि त्यांचं स्वतःच्या गळ्यात अडकवलं. "जा, जा तू."

"बूच?" मास्तरांनी विचारलं.

वहिनींनी दोरी चाचपली. दोरी रिकामी. दोरीला नाही, म्हणजे होडीला आहे. इथं शिकलेल्या कुणालाही असंच वाटेल. "लावलं," त्या म्हणाल्या. दोरी नणंदेची होती आणि तिचं बूच तीन नंबरच्या भोकात होतं, हे त्यांच्या डोक्यात आलं नाही. माझ्याही नाही. मला फक्त मागून गार काहीतरी आत यायला लागलेलं जाणवलं.

पहिल्या पिंपापर्यंत मला वाटलं, मला ताप आलाय. अंग जड, वळताना पोटात काहीतरी इकडून तिकडे लोळतंय. तलाव माझ्यात येतोय की मी तलावात चाललेय, काही कळेना. वहिनींना वाटलं, चूक त्यांचीच. मोटारबोटीतून मास्तर ओरडले, "ताई, पुढे सरका." धक्क्यावरून नणंद, "वहिनी, मागे हो." वहिनी पुढे सरकल्या, मागे सरकल्या, मग पुटपुटल्या, "दोघांनी आधी आपसात ठरवा."

दुसऱ्या पिंपाशी त्यांनी मला उलटं केलं. नाक चिमटीत धरून त्या पाण्यात पडल्या, वर आल्या, आणि फळीकडे जायला माझ्या मागून पोहत निघाल्या. तिथं त्या थांबल्या. भोकातून बुडबुडे येत होते. एकामागून एक, संथ, मला चावी दिल्यासारखे.

"अगं," वहिनी माझ्या पाठीशी तोंड आणून हळूच म्हणाल्या, "तू काय, श्वास सोडतेयस?"

मग त्यांना कळलं. त्यांनी जॅकेटची दोरी ओढून पाहिली, डोळे मिटले, उघडले. एका हातानं मला धरून दुसऱ्यानं खिसा चाचपला. पिवळं कापड निघालं. ते पिळून, वळून, वातीसारखं घट्ट करून त्यांनी भोकात कोंबलं आणि अंगठ्यानं दाबत राहिल्या.

मोटारबोट जवळ आली. "ताई, हात द्या. होडीत पाणी भरलंय."

"माहीत आहे. हात लावू नका."

"अहो, बुडेल ती."

"ती बुडायची नाही," वहिनी म्हणाल्या. कारागीर म्हणाला होता तसंच, पण यांना दात वाजत असताना म्हणावं लागलं.

त्या फळीवर चढल्या. मी उठेना. पुन्हा चढल्या, मागे कलल्या, सगळं अंग टाकलं. पोटातलं पाणी गडगडत सरकलं आणि मी उठले. तिसऱ्या पिंपाला वळसा घालून आम्ही कशाबशा, शेपूट पाण्यात ओढत धक्क्याला लागलो.

नणंद तिथं उभी होती. गळ्यातली दोरी तिनं वर धरली. दोरीला माझं बूच लोंबत होतं. "वहिनी," ती म्हणाली आणि बूच सोडवून त्यांच्या हातात ठेवलं.

मास्तर वही उघडून उभे राहिले. "मदतीशिवाय सरळ केलीत. पण बूच न लावता गेलात. बूच विसरणाऱ्याला मी पाण्यात सोडत नाही."

"मी 'लावलं' म्हटलं," वहिनी चष्मा ओल्या बाहीला पुसत होत्या. "तुम्ही ऐकलंत. बघितलं कुणी?"

मास्तरांनी पेन टेकवलं, उचललं, पुन्हा टेकवलं. मग वही मिटली. "पुढच्या रविवारी या. एकट्या. आणि यापुढे बूच मी हातानं चाचपून बघणार. सगळ्यांचं."

"म्हणजे पास की नापास?"

"म्हणजे पुढच्या रविवारी या."

मला अजूनही कळलेलं नाही ते काय होतं. पण वहिनी आल्या. मास्तर गुडघ्यावर बसले, बूच चाचपलं, आणि आम्ही निघालो.

आता दर रविवारी त्या मला तलावाच्या मध्यावर नेतात आणि शिडाची दोरी सोडून देतात. शीड फडफडतं, मग दमतं. वहिनी तळाशी पाय पसरून बसतात. मला कुठलाच हुकूम नसतो, डावा नाही, उजवा नाही. पहिल्यांदा मी घाबरले, की काही बिघडलंय का. नुसतं थांबणं हे होडीचं काम आहे का, हे मला विचारायला कुणी नाही.

माझ्या पोटात त्या दिवसाचं, बूच काढूनही न निघालेलं थोडं पाणी अजून आहे, म्हणून मी इतरांपेक्षा जरा खाली बसते. काठावरून जाताना तुम्हाला मध्यावर एक वाकडी, थांबलेली होडी दिसेल. तुम्हाला वाटेल काहीतरी झालंय. हात हलवाल, ओरडाल. मी तुमच्या जागी असते तर मीही ओरडले असते.

पण नका ओरडू. तास झाला की ती येईल.