अर्धा पाटा, पुढच्या अंगाला

सूनबाई स्टेअरिंगवर बसली तेव्हा मी तिला बजावलं, "जीव सांभाळ, टाकी गेली खड्ड्यात."

ती म्हणाली, "आई, टाकी माझ्या पाठीला बांधलीय. ती खड्ड्यात गेली तर मी काय वर राहून बघणार आहे?"

अशी उलट बोलते. पण गाडीवर हात चांगला आहे तिचा. हे मी तिच्या तोंडावर कधी म्हटलेलं नाही आणि म्हणणारही नाही, लिहायला हरकत नाही.

टेकाडावरच्या वस्तीची पाइपलाइन फुटली होती. ती जोडून होईपर्यंत पाणी आमच्या पिकअपने पोचवायचं, असा शब्द मी दिला होता. चढ असा की रिकाम्या हाताने चालणारासुद्धा गुडघ्यावर हात टेकत जातो. त्यात मधल्या वळणावर रस्ता चिंचोळा. वरून गाडी उतरत असेल तर खालच्याने थांबायचंच. आणि थांबलं की भरल्या टाकीनिशी ऐन चढावर पुन्हा गाडी उचलायची. सगळा घात तिथे होता.

मागच्या खेपेला तिथेच झालं. आमच्या ड्रायव्हरने गाडी उचलली आणि मागची चाकं नाचायला लागली. धड, धड, धड. मी शाळेत गेले तशी परत आले, पण सगळा जन्म गॅरेजात गेलाय, म्हणून सांगते काय होतं ते. इंजिन जोर लावतं, वरचा भार चाकाला हलू देत नाही, मग मागची चाकं जोडणारा अ‍ॅक्सल जागच्या जागी उलटा वळायला बघतो. त्याला धरून ठेवायचं काम पाट्यांचं, म्हणजे स्प्रिंगच्या लोखंडी पट्ट्यांचं. पाटे नरम पडलेले असले की ते पीळ खातात, नागमोडी वाकतात, सुटतात, परत पीळ खातात. त्या हिसक्यांनी इंजिनाचा जोर मागे नेणाऱ्या शाफ्टचा जॉइंट तुटला. तुटका शाफ्ट गरगरत ब्रेकच्या नळीवर आदळला आणि गाडी मागच्या मागे सुटली. ड्रायव्हरने उडी टाकली म्हणून पायावर निभावलं. गाडी थेट वळणाखालच्या शिंपिणीच्या भिंतीत.

ड्रायव्हर प्लास्टरमधला पाय पुढे करून म्हणाला, "मावशी, दुसरा बघा."

दुसरा कोण मिळणार? शिंपिणीची भिंत गावभर झाली होती. तेव्हा सून म्हणाली, "मी नेते." मी बोलले, तिचा नवरा बोलला, भिंतीला बोलल्यासारखं.

माझा थोरला, म्हणजे तिचा नवरा, गाडीखाली बराच वेळ पडून राहिला आणि बाहेर येऊन म्हणाला, "अर्धा पाटा घालू." म्हणजे पूर्ण लांबीचा नाही, अ‍ॅक्सलपासून एकाच बाजूला जाणारा, जाड. अ‍ॅक्सलच्या पुढचा भाग ताठ झाला की पीळ बसायला जागा राहत नाही. आणि पाटे एकत्र धरणारे जे क्लॅम्प असतात, ते पुढचे करकचून आवळायचे, मागचे ढिले सोडायचे, म्हणजे खड्ड्यात गाडी दणकेही देणार नाही. पाटे कापून, भोकं पाडून तयार झाले, आणि ऐनवेळी त्याला वर वस्तीवर जावं लागलं, तिथल्या हौदाची तोटी बसवायला. तिथून त्याने मला फोन केला.

"आई, मिस्त्रींना सांग, अर्धा पाटा पुढच्या अंगाला. पुढचे क्लॅम्प आवळा, मागचे ढिले. नीट सांग हं, विसरशील."

"विसरायला मी काय तू आहे?" म्हणाले, आणि मिस्त्रींना शब्दाला शब्द सांगितलं.

मिस्त्री आमच्या ह्यांच्या वेळेपासूनचे. हात इतका साफ की त्यांनी आवळलेला नट देवालाही सुटायचा नाही. त्यांनी काम संपवलं, टाकी भरली, आणि आम्ही निघालो. सून गाडीत, मी आणि मिस्त्री लाकडी ठोकळे घेऊन पायी, गाडीच्या बाजूबाजूने.

वळणापर्यंत गाडी न थांबता चालत्या गतीनेच आली, त्यामुळे काही कळलं नाही. वळणावर वरून विटांचा टेम्पो उतरत होता. सूनबाईने ब्रेक मारला, हँडब्रेक ओढला. टेम्पोवाला अंगाला अंग घासून निघून गेला. समोर रस्ता मोकळा. आता गाडी उचलायची होती.

मिस्त्रींना मात्र फुशारकी सुचत होती. ते चाकाशी वाकले. "बघा तरी वहिनी, पुढचं अंग कसं आवळलंय! सुरीचं पातं जायचं नाही मधून."

मी वाकले. त्यांचा हात गाडीच्या शेपटाकडे होता.

"हे पुढचं?"

"मग? पुढचंच की. आपल्या टेबलाकडचं."

आमच्या गॅरेजात गाडी उलटी आत घेतात, शेपूट भिंतीकडे. भिंतीशी टेबल, वाइस, वेल्डिंग, सगळं. ह्यांनी गॅरेज घातलं तेव्हापासून टेबलाकडे ते पुढे आणि रस्त्याकडे ते मागे, मग तिकडे बॉनेट असो नाहीतर आणखी काही. मीही तसंच बोलते. थोरला मात्र चार वर्षं मोठ्या वर्कशॉपात काम करून आलाय, तो जगासारखं बोलतो. त्याचं पुढे मी उचललं आणि मिस्त्रींच्या पुढ्यात टाकलं, ते आमचं पुढे होऊन बसलं. अर्धा पाटा शेपटाकडे गेला होता. त्याहून वाईट म्हणजे इंजिनाकडचे क्लॅम्प, जे आवळायला हवे होते, ते मिस्त्रींनी इमानाने ढिले करून ठेवले होते. गाडी मागच्या खेपेपेक्षा वाईट झाली होती.

"थांब!" मी ओरडले. "गाडी उचलू नको! थांब!"

आता माझं दुखणं ऐका. सकाळपासून मी तिला इतक्यांदा थांब म्हटलं होतं. सीट पुढे घे थांब, आरसा बघ थांब, पदर आवर थांब. तिने काचेतून हात बाहेर काढला आणि असा हलवला, जसा माशीला हलवतात. इंजिनाचा आवाज चढला. क्लच सुटायला लागला. माझ्या डोळ्यांदेखत अ‍ॅक्सलचं नाक, शाफ्ट जिथे जोडतो ते, वर उचललं, ढिले पाटे एकमेकांपासून फाकले आणि चाक उडालं. धड.

तोंडाचा उपयोग संपला होता. मी तिच्या आरशात दिसेन अशी गाडीच्या मागे, ऐन उतारावर जाऊन उभी राहिले. दोन्ही हात पसरून.

"वहिनी!" मिस्त्री किंचाळले.

इंजिन दबलं. ब्रेकचे दिवे लागले. गाडी टाचभर मागे आली आणि थांबली. टाकीतलं पाणी आत आपटलं, ते मला छातीवर ऐकू आलं.

"आई!" सून आरशात बघून ओरडली, "वेड लागलंय का? बाजूला व्हा!"

"नाही होत! पाटे उलटे बसलेत! क्लच सोडलास तर माझ्या अंगावर येशील!"

मग ती वेगळ्याच आवाजात म्हणाली, "ब्रेक धरलाय मी. पाय कापतोय. लवकर ठोकळे लावा."

मिस्त्रींनी ठोकळे सारले, दोन्ही चाकांना. मी हातोडीने ठोकले. मिस्त्री धावत टाकीच्या तोटीकडे गेले, पाणी सोडून गाडी हलकी करायला. मी त्यांचा हात धरला.

"इथे सोडलंत तर रस्ता ओला होईल, ठोकळे साबणासारखे सरकतील. पाइप लावा. कडेच्या नालीत सोडा."

मिस्त्रींनी पाइप जोडला. पाणी नालीतून खाली पळायला लागलं. वस्तीच्या तोंडचं पाणी ते. टाकी अर्धी झाली, पाव झाली, तोवर सून ब्रेकवर पाय रोवून बसली होती आणि मी तिच्या खिडकीशी. काय बोलावं सुचेना, तर म्हणाले, "दुसरा पाय टेकव की जरा."

"आई, आत्ता नको."

टाकी रिकामी झाल्यावर तिने गाडी इंचाइंचाने मागे उतरवली, मी आणि मिस्त्री ठोकळे सरकवत. शिंपीण नव्या भिंतीआड उभी राहून बघत होती, ती भिंत सोडून पार रस्त्यापलीकडे गेली.

थोरला वरून धावत आला. गाडीखाली डोकावला. "आई, मी पुढे म्हटलं होतं!"

"पुढेच लावलाय," मी म्हणाले. "मिस्त्रींना बोलायचं नाही. मलाही बोलायचं नाही. बॉनेटकडे म्हणाला असतास तर जीभ झिजली असती का?"

त्याने आणि मिस्त्रींनी यू-बोल्ट सोडले, पाटे खाली उतरवले आणि फिरवून बसवले. सून गॅरेजच्या दारात पाणी पीत उभी होती. मी म्हटलं, "उद्या जा. किंवा नको जाऊस. वस्तीला मी सांगते, आमच्याने होत नाही."

तिने ग्लास ठेवला. "उद्या गेले तर कधीच जाणार नाही मी."

टाकी परत भरली. मी दार उघडून तिच्या शेजारी चढायला लागले, तर तिने मला अडवलं. चिडून नाही.

"तुम्ही शेजारी बसलात तर मला क्लच ऐकू येणार नाही, आई."

तिला उत्तरं होती माझ्याकडे. खूप होती. मी दार लावलं.

वळणावर यावेळी कुणीच उतरत नव्हतं. ती तरी थांबली. मुद्दाम थांबली, हँडब्रेक ओढला, जिथे मघाशी थांबली होती तिथेच. थोरला एका चाकाशी, मिस्त्री दुसऱ्या चाकाशी, हातात ठोकळे. मी कडेला. पदराचा बोळा तोंडात कोंबला होता मी, खोटं कशाला सांगू.

इंजिन चढलं. अ‍ॅक्सलचं नाक जरासं वर आलं. बोटभर. मी वाट बघितली, आता उडेल, आता. पाटे कुरकुरले आणि तिथेच ताठ राहिले. चाकाने खडी चावली, दोन दगड मागे फेकले, आणि गाडी कुणी हात धरून ओढावी तशी वर निघाली. मिस्त्री ठोकळा छातीशी धरून मटकन खाली बसले. गाडी वळणाआड गेली. मग नुसता आवाज, एकसारखा, कुठे तुटत नव्हता. मग तोही नाही.

फोन वाजला तेव्हा माझ्या हाताला बटण सापडेना, थोरल्याने उचलून दिला.

"पोचले," सून म्हणाली. पाठीमागे हौदात पाणी पडत होतं आणि बायका भांड्यांवरून भांडत होत्या. "आता बोला काय बोलायचं ते."

मी म्हणाले,

"उतरताना न्यूट्रल करू नको. गिअरमध्येच उतर. आणि मागे, म्हणजे शेपटाकडे, नीट बघून वळव."

"बरं," ती म्हणाली. आणि मला वाटलं फोन ठेवला, तर नव्हता ठेवला. ती रडत होती. मीही फोन कानाला लावून तशीच उभी राहिले, कुणालाच काही न बोलता.