चित्र होतं, उजेड नव्हता

मी एक जुना मॉनिटर आहे, मित्रांनो. कॉम्प्युटरचा पडदा. माझी चौकट काळी आहे, एक कोपरा टवका उडून पांढरा पडला आहे आणि माझा पाय मोडल्यामुळे मी लाकडी ठोकळ्यावर उभा असतो. मला हात नाहीत, मला आवाज नाही. दुसरा जे लिहील ते दाखवायचं, एवढंच मला येतं.

कारखान्यातून मी निघालो तो थेट एका ऑफिसात गेलो. तिथे रस्त्यांचे आणि पुलांचे आराखडे काढत. माझ्यासमोर बसणाऱ्या बाई फार शिस्तीच्या होत्या. सकाळी आल्या की आधी मऊ फडक्याने मला पुसत, मग पर्स ठेवत. कुणी माझ्यावर बोट टेकवलं की म्हणत, "बोट लांब ठेवा हं. तुमचा ठसा उमटला की माझ्या रस्त्यात डोंगर उभा राहतो." सगळे हसत. मीही माझ्या परीने चमकत असे. माझ्यावर काढलेल्या रस्त्यांवरून आज माणसं जात असतील, पण मी त्यातला एकही पाहिलेला नाही.

मग ऑफिसात माझ्यापेक्षा रुंद आणि पातळ मॉनिटर आले. बाईंनी मला शेवटचं पुसलं आणि शिपायाने मला तळघरात नेलं. तिथे आम्ही दहाबारा जण एकमेकांना पाठ लावून उभे होतो. धूळ कशी साचते ते मी तिथे शिकलो. काही काळाने एका जुन्या सामानाच्या दुकानदाराने आम्हाला टेम्पोत भरलं. माझा पाय मोडला तो त्याच टेम्पोत.

त्या दुकानात एक शिवणकाम करणारी बाई आली. गळ्यात मापाची फीत तशीच होती, काढायची राहून गेली असावी.

"हा जुना आहे, पण इमानी आहे," दुकानदार म्हणाला.

"इमानी हवं असतं तर कुत्रा पाळला असता," ती म्हणाली. "अक्षर मोठं दिसेल का, ते सांगा. सासऱ्यांसाठी हवाय."

दुकानदाराने मला लावून दाखवलं. तिने दोन पावलं मागे जाऊन, डोळे बारीक करून पाहिलं आणि मला जुन्या चादरीत गुंडाळून घरी आणलं.

आता या सासऱ्यांबद्दल सांगतो. ते बसमध्ये कंडक्टर होते. सगळा डेपो त्यांना 'भोंगा' म्हणायचा. त्यांनी थांब्याचं नाव पुकारलं की मागच्या बाकावर घोरत पडलेला प्रवासीसुद्धा पिशवी सावरत उठायचा. पण त्यांच्या घशाला वाईट आजार झाला, ऑपरेशन करावं लागलं आणि त्यात आवाज कायमचा गेला. लिहून दाखवावं तर हात थरथरायचा, कागदावर नुसत्या मुंग्या पळाल्यासारख्या दिसायच्या. मोबाइलवरची अक्षरं त्यांना दिसत नसत. म्हणून सुनेने मला एका जुन्या कॉम्प्युटरला जोडून त्यांच्या खाटेशेजारी मांडलं, मांडीवर मोठ्या बटणांचा कीबोर्ड दिला आणि पडद्यावर हाताच्या पंजाएवढी अक्षरं येतील अशी सोय केली.

मुलगा आणि सून श्वास रोखून उभे होते. भोंग्याने एक एक बटण शोधत पहिलं वाक्य लिहिलं.

"ओरडू नका. घसा गेलाय, कान शाबूत आहेत."

मुलगा आधी हसला, मग तोंड फिरवून डोळे पुसू लागला. कारण ऑपरेशन झाल्यापासून तो वडिलांशी ओरडूनच बोलत होता.

मित्रांनो, माझ्या आयुष्यातला तो सगळ्यात चांगला काळ. भोंगा दिवसभर बोलत असे. चहात साखर कमी आहे. पंख्याला तेल दे. शेजारीण आली तर मी झोपलोय म्हणून सांग. कधी सुनेसाठी लिहीत, "पोरी, मान मोडून शिवू नकोस, जरा उठ." मुलगा मालाची गाडी चालवायचा. संध्याकाळी तो दमून आला की माझ्यावर त्याच्यासाठी काहीतरी लिहिलेलं असेच. बहुतेक वेळा ती तक्रार असायची. तो म्हणे, "आवाज गेला, पण भोंगा काही बंद झाला नाही." आणि वाचत उभा राही.

थंडी सुरू झाली तेव्हा एके सकाळी मी दोनदा लुकलुकलो आणि काळा पडलो.

भोंग्याने मला थोपटलं. सुनेने वायर काढून पुन्हा लावली. काही झालं नाही. मला सांगावंसं वाटत होतं की अहो, मी इथेच आहे, तुमची अक्षरं माझ्यावर उमटली आहेत. पण काळोखात उमटलेलं अक्षर दिसणार कुणाला?

सुनेने मला पुन्हा चादरीत बांधून दुरुस्तीवाल्याकडे नेलं. त्याने मला आपल्या कॉम्प्युटरला जोडलं आणि माझ्या तोंडावर टॉर्च धरला.

"हे बघा ताई. नीट जवळून बघा."

तिने बघितलं. टॉर्चच्या गोल उजेडात अक्षरं पुसट दिसत होती.

"चित्र आहे, पण मागचा दिवा गेलाय. उघडून बघावं लागेल. उघडताना काच तडकलीच तर मग सगळंच संपलं. दुरुस्त करायचा की राहू द्यायचा, हे घरी ठरवा आणि मला सांगा."

म्हणून मी तसाच घरी परत आलो.

"नवीनच घेऊ," मुलगा म्हणाला. "याला किती ठिगळं लावायची?"

"ठिगळांवरच आपलं घर चालतंय," सून म्हणाली. "नवीन घ्यायचा तर नवीन घ्या. पण काहीतरी करा. बाबांनी बोलायचं कसं?"

"बघतो ना. जरा सवड होऊ दे."

तोपर्यंत सुनेने टॉर्चवर भागवलं. दुपारी मशीन थांबवून ती खाटेवर बसायची. भोंगा लिहायचा आणि ती टॉर्च उजवीकडे सरकवत एक एक शब्द मोठ्याने वाचायची. एका वेळी पूर्ण ओळ कधीच दिसत नसे. चुकीचं वाचलं की भोंगा तिच्या मनगटावर टिचकी मारायचा. बोलणं होत होतं, पण किती थोडं! पंखा, शेजारीण, थट्टा, सगळं गळून गेलं. अगदी अडलं तेवढंच ते लिहू लागले.

त्याच सुमारास घशाचा आजार पुन्हा उलटला आणि दवाखान्यातून दुसऱ्या ऑपरेशनची गोष्ट निघाली. मुलाला आशा वाटू लागली. भोंग्याने सगळं ऐकलं. दुपारी सून टॉर्च घेऊन बसली तेव्हा त्यांनी लिहिलं, "पुन्हा चिरफाड नको. मला घरीच राहू दे. त्याला सांग."

तिने संध्याकाळी सांगितलं.

"तू टॉर्चने एक एक शब्द वाचतेस," मुलगा म्हणाला. "एखादा राहिला असेल. 'नको' म्हणालेत की 'नको म्हणू नकोस' म्हणालेत?"

"मग या ना. तुम्ही धरा टॉर्च, तुम्ही वाचा."

"आज दमलोय गं. उद्या."

मित्रांनो, एक गोष्ट त्या घरात फक्त मला माहीत होती. एका दुपारी भोंग्याला झोप लागली होती आणि सून कपडे पोचवायला गेली होती. मुलगा लवकर घरी आला. त्याने टॉर्च उचलला आणि माझ्यावर धरला. ते वाक्य अजून तसंच होतं. त्याने ते सगळं वाचलं. मग टॉर्च बंद केला, जागच्या जागी ठेवला आणि वडिलांच्या पायांवरचं पांघरूण सारखं करून तो बाहेर निघून गेला. संध्याकाळी तो त्याबद्दल चकार शब्द बोलला नाही.

तेव्हा मला कळलं की दुरुस्ती का अडली होती. पडदा उजळला असता तर ते वाक्य खोलीच्या मध्यावर, पंजाएवढ्या अक्षरांत उभं राहिलं असतं. मग 'एखादा शब्द राहिला असेल' असं म्हणता आलं नसतं. त्याला वडील हवे होते, म्हणूनच त्याला त्यांचं म्हणणं नको होतं. मला टाकून द्या असं तो कधीच म्हणाला नाही आणि दुरुस्त करा असंही नाही. तो फक्त "उद्या" म्हणत राहिला.

भोंगा खंगत चालला. बोटं बटणांवर घसरू लागली. एका दुपारी सून टॉर्च घेऊन बसली, तर त्यांनी तिचा हात हळूच बाजूला सारला आणि भिंतीकडे तोंड करून ते पडून राहिले. दुसऱ्या दिवशीही तेच केलं. तिसऱ्या दिवशी तिने टॉर्च आणलाच नाही.

संध्याकाळी मुलाने विचारलं, "आज काय म्हणाले?"

"काही नाही. आता ते काहीच म्हणत नाहीत."

तो जेवता जेवता थांबला. खाटेकडे बघत राहिला. कायम आवाजाने भरलेल्या माणसाची ती शांतता बघून तो घाबरला. सकाळी गाडी घेऊन कामावर न जाता तो मलाच घेऊन निघाला.

"उघडा," तो दुरुस्तीवाल्याला म्हणाला. "काच फुटली तर फुटू द्या."

काच फुटली नाही. दुसऱ्या एका मेलेल्या मॉनिटरचा दिवा दुरुस्तीवाल्याने माझ्या आत बसवला आणि मी उजळलो. मुलाने मला छातीशी धरून घरी आणलं. चादरसुद्धा गुंडाळली नाही.

"बाबा, बघा! लख्ख झालाय. बोला आता. काय वाटेल ते बोला, मी वाचतो."

त्याने वडिलांना उशांना टेकवून बसवलं, कीबोर्ड मांडीवर ठेवला आणि त्यांचा हात उचलून बटणांवर ठेवला. सून मशीनवरून उठून आली. भोंग्याने माझ्याकडे पाहिलं. मग एक बोट खाली टेकलं.

न.

बोट उठलं नाही. न न न न न न. अक्षरं माझ्यावरून धावत सुटली. एक ओळ भरली, दुसरी भरली, सगळा पडदा भरला. मी इतका उजळ होतो की मुलाच्या तोंडावरही तो उजेड पडला होता.

"नको म्हणताय ना, बाबा?" त्याने विचारलं. "नको ना?"

सून हळूच म्हणाली, "अहो, बोट उचलत नाहीये त्यांना."

त्याने ते बोट दोन्ही हातांनी उचललं आणि तसंच धरून ठेवलं. मग त्याने दवाखान्यात फोन लावला. "ऑपरेशन करायचं नाही," तो म्हणाला. "ते नाही म्हणालेत. मागेच म्हणाले होते. मी वाचलं होतं." सून त्याच्याकडे बघत राहिली.

मित्रांनो, ते 'नको' होतं की नुसतं थकलेलं बोट, हे मलाही सांगता येणार नाही. मी फक्त दाखवतो. थंडी सरायच्या आत भोंगा घरीच, त्याच खाटेवर गेला. माझ्यावर त्यांनी पुन्हा काही लिहिलं नाही.

आता मी शिवणाच्या टेबलावर असतो. सून माझ्यावर कपड्यांचे नमुने बघते. मी ठणठणीत आहे, नव्यासारखा उजळतो. कधी कधी मुलगा येऊन समोर बसतो. कोरा पांढरा पडदा बघत राहतो आणि उठून जातो.

मित्रांनो, माझी काळजी घ्या असं मी म्हणणार नाही. मी वस्तू आहे, आज ना उद्या भंगारात जाईन. पण कुणाचं बोलणं तुमच्यापर्यंत पोचवणारी एखादी गोष्ट घरात मोडून पडली असेल, तर ती नीट करा. नाहीच करायची तर तसं स्पष्ट सांगा. 'उद्या बघू' म्हणून ती कोपऱ्यात ठेवू नका. माझी दुरुस्ती एका दिवसात झाली. ती करायची की नाही, हे ठरवण्यात मात्र जवळजवळ सगळा हिवाळा गेला.