मातूशचं मत

निवडणुकीच्या दिवशी ओंद्रेयच्या सलूनमध्ये सकाळपासून पाय ठेवायला जागा नव्हती, आणि जमलेल्यांतल्या एकालाही चांगलं दिसायची हौस नव्हती. वॉर्डाचा पुढारी हॅनरॅटी याने नदीकाठच्या गुत्त्यांतून गोळा करून आणलेली ही माणसं, एकेकाची दाढी छातीपर्यंत. पद्धत जुनीच होती. दाढीसकट एकदा मत द्यायचं, मग इथे येऊन दाढी उतरवायची आणि नुसत्या मिशीवर दुसऱ्या नावाने द्यायचं, मग मिशीही काढून तिसऱ्या. मतदान शेजारच्या दाण्याच्या दुकानात, मधलं दार सताड उघडं. ओंद्रेयला या कामाची पहिल्या खेपेला लाज वाटली होती. पुढे ती अंगवळणी पडली.

वॉर्डात हॅनरॅटीचा शब्द म्हणजे कायदा. गटार तुंबलं तरी त्याच्याकडे जायचं आणि पोरगा कोठडीत गेला तरी त्याच्याचकडे. गेल्या हिवाळ्यात पाण्याच्या नव्या बोगद्यात ओंद्रेयचा धाकटा भाऊ मातूश गाडला गेला. कंत्राट हॅनरॅटीच्या मेव्हण्याचं. त्याने टेकूच्या लाकडात हात मारला होता हे अख्ख्या गल्लीला ठाऊक होतं. पण मयताला हॅनरॅटी बर्फात टोपी काढून उभा राहिला, काळ्या तुऱ्यांच्या घोडागाड्या आणल्या, मातूशच्या बायकोला, झुझानाला, नगरभवनात फरशी पुसायचं काम लावून दिलं. ओंद्रेयने त्याचे दोन्ही हात धरून आभार मानले होते. ते आठवलं की आजही त्याचे कान तापत.

यंदा हॅनरॅटीच्या विरोधातल्या सुधारणावाल्यांचा उमेदवार निवडून आला तर बोगद्याची चौकशी करणार होता. ओंद्रेयने मनोमन ठरवलं होतं, आपलं एक मत गुपचूप त्याला. एवढीच त्याची मर्दुमकी.

“मिशी ठेव रे याची,” हॅनरॅटीने एका उंच माणसाला खुर्चीत ढकललं. “आणि जरा हात उचल. दाढी करतोयस की प्रार्थना?”

ओंद्रेयने दाढी उतरवली. मिशी कातरली, बोटाला मेण लावलं आणि टोकं वर वळवली. त्याने आरशात पाहिलं. ही मातूशची मिशी. दर रविवारी ओंद्रेय भावाला अशीच वळवून द्यायचा. शवपेटीतही शेवटची त्यानेच वळवली होती. हातांनी आपल्या मनाने केलं होतं. हॅनरॅटीही क्षणभर बघत राहिला, मग हसला आणि त्या माणसाच्या कानात काहीतरी कुजबुजला.

पलीकडून आवाज आला, “नाव?”

“मातूश हुडाक.”

ओंद्रेयच्या हातातला वस्तरा तसाच राहिला.

“थांबा!” सुधारणावाल्यांचा माणूस, विन्स्लो नावाचा तरुण वकील, उठला. “हा हुडाक वारलाय, असं मी ऐकलंय.”

“ऐकीव गोष्टींवर कोर्टात जातोस काय रे, बाळा?” हॅनरॅटी म्हणाला. “सख्खा भाऊ भिंतीपलीकडे आहे. घ्या की शपथेवर विचारून. ओंद्रेय, ये बरं इकडे!”

ओंद्रेय साबणाच्या हातांनी दारात आला. कुणीतरी समोर बायबल धरलं, त्याने त्यावर हात ठेवला. हॅनरॅटी हळूच म्हणाला, “झुझाना बरी आहे ना? तिचं काम तसंच ठेवायचंय मला.”

विन्स्लोने त्याच्या डोळ्यांत पाहिलं. “खरं सांगा. हा तुमचा भाऊ आहे?”

एक ‘नाही’ पुरे होतं. ओंद्रेयच्या जिभेवर आलंही होतं.

“हो,” तो म्हणाला. “माझा भाऊ. मातूश.”

मागे कसलंसं झाकण वाजलं. झुझाना त्याच्यासाठी कोबीचं सूप घेऊन आली होती. नगरभवनाला आज मतदानाची सुट्टी होती. तिने सगळं ऐकलं होतं.

“झुझाना...” ओंद्रेय म्हणाला.

तिने त्याच्याकडे पाहिलंही नाही. मत टाकून परतणाऱ्या त्या उंच माणसासमोर ती उभी राहिली आणि त्याची बाही धरली. “अहो, इतके दिवस होतात कुठे? चला घरी. पोरं वाट बघताहेत.”

रांगेत कुणीतरी फिस्सकन हसलं, मग गप्प झालं. तो माणूस घामाघूम. “बाई, मी तो नाही हो. मला नाव दिलं यांनी.”

“मला माहीत आहे,” झुझाना म्हणाली. “भाऊजींना माहीत नाही. त्यांनी बायबलवर हात ठेवलाय.” तिने सुपाचं भांडं त्या उंच माणसाच्या हातात दिलं. “खाऊन घ्या. गार होईल.”

विन्स्लो ते मत रद्द करायला सांगत मतदान अधिकाऱ्याकडे धावला. अधिकारी हॅनरॅटीचाच, त्याने नकारार्थी मान हलवली. मत पेटीत पडलेलं, शपथ झालेली. झुझाना शाल डोक्यावर ओढून निघून गेली.

“बायका!” हॅनरॅटी म्हणाला, पण त्याचाही आवाज उतरला होता. “चल, याची मिशी काढ आता. तिसरं नाव राहिलंय.”

तो माणूस खुर्चीत बसला, भांडं मांडीवर. त्याने सुपाला तोंड लावलं नव्हतं. “भाऊ,” तो हलकेच म्हणाला, “कसा होता तो?”

 ओंद्रेयने त्याची हनुवटी वर केली, साबण लावला आणि ती मिशी काढली.