टायरवरची रेघ

विद्यापीठात मास्तर पुष्कळ होते, पण नुसती ‘मास्तर’ अशी हाक मारली की वळून पाहणारे एकच होते, आणि ते शिकवत नव्हते. पदवीदान समारंभाचे झगे शिवणं, उसवलेले सांधणं आणि पुढच्या वर्षासाठी इस्त्री करून टांगून ठेवणं हे त्यांचं काम. प्रशासकीय इमारतीच्या तळमजल्यावर त्यांची खोली होती. एक शिलाई मशीन, एक लांब टेबल, आणि भिंतीपासून भिंतीपर्यंत गेलेल्या दांड्यांवर काळे झगे. नवा माणूस आत आला की दचकायचा. मास्तर मान वर न करता सांगायचे, "घाबरू नका, सगळे पास झालेले आहेत."

खोलीची एकुलती एक खिडकी पार्किंगकडे उघडत होती. मशीन खिडकीला लावलेलं होतं, त्यामुळे सुईतून नजर उचलली की ती समोरच्या झाडाखाली उभ्या असलेल्या फिक्या निळ्या गाडीवर पडायची. गाडी मास्तरांच्या मुलीची होती.

मुलगी याच विद्यापीठात शिकली. शिकवण्या घेऊन तिनं ती जुनी गाडी घेतली आणि बापलेक रोज सकाळी तिच्यातून येऊ लागले. घरात ती आईशी बोलायची, गाडीत बापाशी. दोघांनाही समोर रस्त्याकडे बघत बोलायचं असल्यामुळे ते सोपं जायचं. कोण प्राध्यापक वर्गात झोपेत असल्यासारखा शिकवतो, कोणत्या मैत्रिणीचं कुणाशी फाटलं, हे सगळं मास्तरांना घर ते विद्यापीठ एवढ्या अंतरात कळत होतं. परदेशातली नोकरी मिळाल्याचंही तिनं गाडीतच सांगितलं, फाटकाआधीच्या शेवटच्या वळणावर. मास्तर म्हणाले होते, "वळण घे आधी नीट."

जायच्या दिवशीही तिनं त्यांना नेहमीसारखं आणलं, गाडी झाडाखाली लावली, किल्ली त्यांच्या हातात दिली. "असू दे इथंच, बाबा. आले की मीच नेईन." मग टॅक्सी बोलावून ती विमानतळावर गेली. तेव्हापासून मास्तर बसनं येत होते. त्यांना गाडी चालवता येत नव्हती आणि शिकायची हौसही नव्हती. किल्ली बटणांच्या डब्यात होती. तिच्यानंतर एक समारंभ होऊन गेला होता. झगे बाहेर गेले, घामेजून परत आले, धुऊन पुन्हा दांडीवर चढले. मुलीचे फोन आधी रोज यायचे, मग रविवारी येऊ लागले, आणि हल्ली तिच्या येण्याचा विषय निघाला की ती आईला विचारायची, तुमच्याकडे हवा कशी आहे.

मास्तरांचा हिशेब सरळ होता. गाडी तिथं आहे, म्हणजे ती न्यायला कुणीतरी यायचंय.

तोवर गाडीला कुणी हटकलं नव्हतं. कर्मचाऱ्यांच्या घरच्या गाडीला पास मिळतो, तो काचेवर चिकटवलेला होता. पण समारंभानंतर सुरक्षा विभागात नवे साहेब आले आणि त्यांनी नवा नियम काढला. पार्किंगमध्ये कुठलीही गाडी एका जागी पंधरा दिवसांहून जास्त उभी राहणार नाही. तेवढ्यात ती हलली नाही तर चाकाला जॅमर, आणि त्यानंतर टोइंगची गाडी. उचललेल्या गाड्या बॉयलर हाऊसमागच्या मोकळ्या जागेत नेऊन टाकत. तिथून परत आलेली गाडी कुणी पाहिली नव्हती.

नियम राबवायचं काम एका उंच, दणकट हाडाच्या बाईंकडे होतं. विद्यार्थी त्यांना जॅमरबाई म्हणत. त्या खडूनं टायरवर एक रेघ ओढत आणि तिला लागूनच जमिनीवर दुसरी. पुढच्या फेरीला दोन्ही रेघा एकमेकींना भिडलेल्या दिसल्या तर गाडी जागची हललेली नाही. गाडी जाऊन आलेली असेल तर चाक फिरलेलं असतं आणि टायरवरची रेघ भलतीकडे गेलेली असते. प्राध्यापक असो की शिपाई, रेघेपुढे कुणाचं चालत नसे.

निळ्या गाडीच्या टायरवर पहिली रेघ उठली ती मास्तरांनी खिडकीतून पाहिली. दोन-चार दिवस ते तिच्याकडे बघत राहिले. मग एका दुपारी, सगळे जेवायला गेलेले असताना, ओलं फडकं घेऊन खाली उकिडवे बसले. टायरवरची रेघ पुसली आणि तिथून वीतभर वर नवी ओढली. आयुष्यभर खडूनंच कामं केलेला माणूस. पुढच्या फेरीला जॅमरबाई गाडीपाशी वाकल्या, थोडा वेळ तशाच राहिल्या आणि पुढं गेल्या. मास्तरांनी मशीन पुन्हा चालू केलं. त्यानंतरच्या फेरीआधीही त्यांनी तेच केलं.

या खेपेला मात्र बाई पुढं गेल्या नाहीत. त्या खोलीत आल्या, झग्यांमधून वाट काढत टेबलापाशी पोचल्या आणि म्हणाल्या, "तुमचा खडू दाखवा, मास्तर."

मास्तरांनी टेबलावरचा खडू पुढं केला. शिंप्याचा खडू, चपटा, कडेला धार आलेला. बाईंनी खिशातून आपला जाडजूड खडू काढून त्याच्या शेजारी ठेवला.

"माझ्या हातून आजवर एक रेघ सरळ आलेली नाही," त्या म्हणाल्या. "माझी रेघ म्हणजे गाढवाचं शेपूट. आणि त्या टायरवर बघावं तर पट्टी लावून कापायला घेतल्यासारखी."

मास्तर चोरी करायला बसले आणि तीही नीटनेटकी केली. त्यांना हसू आलं आणि लाजही वाटली.

"मागच्या वेळेलाच कळलं होतं," म्हणत बाई स्टूल ओढून बसल्या. "म्हटलं, असेल काही. पण आज साहेब स्वतः हिंडले. गाडीखाली बघा म्हणाले. वर्षाचा पाचोळा आहे तिथं. जाऊन आलेल्या गाडीखाली पाचोळा राहतो का? उद्या सकाळी टोइंगवाले येतायत. आज संध्याकाळपर्यंत गाडी फाटकाबाहेर गेली तर ठीक, नाहीतर माझ्या हातात काही नाही." मग त्यांनी विचारलं की न्यायला कुणी नाही का.

मास्तर म्हणाले, आहे, पण ती इथं नाही. आणि मग कधी कुणाला सांगितलं नव्हतं ते सांगितलं. सकाळचा रस्ता, शेवटचं वळण, हातात दिलेली किल्ली. दुसऱ्या कुणी ती गाडी नेली तर तिनं न्यायचं काय उरलं, हेही बोलून गेले. बोलणं संपलं तेव्हा बाई एवढंच म्हणाल्या, "बॉयलर हाऊसमागं टाकली तर तिनं काय न्यायचं?"

मास्तरांनी बायकोला फोन लावला. वर्षभर तिनं या गाडीवर अवाक्षर काढलं नव्हतं, म्हणून त्यांना वाटत होतं की तिला गाडीचं काही नाही. सगळं ऐकून घेऊन ती म्हणाली, "घरी आणा. वाटच बघायची तर दोघांनी मिळून बघू. तुमच्या खिडकीतून मला दिसते का ती?"

संध्याकाळी बाई गस्तीची गाडी घेऊन आल्या. निळ्या गाडीची बॅटरी पार बसली होती. केबल जोडून, दोन-तीनदा खाकरायला लावून त्यांनी इंजिन चालू केलं. झाडावरची पाखरं उडाली. मग त्या आत बसायला गेल्या आणि अडल्या. मुलगी आईसारखी बुटकी. सीट पार पुढं ओढलेली. बाईंचे गुडघे स्टिअरिंगला टेकले. त्यांनी सीटखालच्या दांडीला हात घातला.

"थांबा," मास्तर म्हणाले.

त्यांनी खिशातून खडू काढला, दारापाशी गुडघे टेकले आणि सीटच्या पायाला लागून गाडीच्या तळाच्या काळ्या कापडावर एक रेघ ओढली. बारीक, सरळ. "आता घ्या मागं."

बाईंनी सीट मागं सरकवली. मास्तर उठून पलीकडच्या बाजूनं, आपल्या नेहमीच्या जागेवर जाऊन बसेपर्यंत बाईंनी सवयीनं वरचा आरसाही आपल्याकडे वळवून घेतला होता. मास्तरांच्या ते लक्षात आलं तेव्हा उशीर झाला होता. सीटचं माप घेता येतं. आरशाचं कशानं घ्यायचं? त्यात मुलीला मागचा रस्ता कुठल्या कोनात दिसत होता ते तिलाच ठाऊक. ज्या बाईनं एवढं केलं तिला काय बोलायचं.

फाटकावरच्या पहारेकऱ्यानं सलाम ठोकला आणि चेष्टेनं विचारलं, आज जॅमरबाईच पळवून नेतात की काय गाडी. बाई म्हणाल्या, "नियमानं नेतेय." शेवटचं वळण आता उलट बाजूनं आलं. मास्तर समोर बघत बसले होते. मग बाईंनीच विचारलं की मुलगी काय शिकली, आणि मास्तर सांगू लागले, ते घर येईपर्यंत सांगतच होते.

दाराशी बायको उभी होती. बाई चहालाही न थांबता बसनं गेल्या. मास्तरांनी खाली वाकून सीट पुढं ओढली आणि रेघेला बरोबर आणून टेकवली. बायकोनं काचेवरून हात फिरवला, बोटाला आलेली धूळ बघितली आणि बादली आणायला आत गेली.

दुसऱ्या दिवशी खिडकीबाहेर झाडाखाली पाचोळ्याचा एक लांबट चौकोन होता. दुपारपर्यंत त्यावर कुणाची तरी पांढरी गाडी येऊन उभी राहिली. मास्तरांनी मशीन खिडकीपासून थोडं बाजूला ओढून घेतलं. उजेड कमी पडत होता, पण काळ्या झग्यावरची काळी टीप तशीही कुणाला दिसत नव्हती.

रविवारी मुलीचा फोन आला. आईशी बोलून झाल्यावर मास्तरांनी फोन घेतला आणि गाडी घरी आणल्याचं सांगितलं. पलीकडून ती म्हणाली, "अजून आहे ती? मला वाटलं तुम्ही कधीच कुणाला देऊन टाकली असेल."

"आहे. दारात आहे. आईनं धुतली."

"बाबा, मला इथं..." ती म्हणाली आणि थांबली. "इथं मी रोज ट्रामनं जाते. शेजारी कुणीही बसतं."

मास्तरांनी फोन दुसऱ्या कानाला लावला. "सीट तुझ्याच मापाला आहे," ते म्हणाले. "आरसा तेवढा हलला बघ. तो काही मला जमला नाही."

"आरशाचं काय एवढं. बसलं की लावता येतो."

ये आणि लाव, असं मास्तरांच्या अगदी ओठांवर आलं होतं. गाडीत असते तर समोर रस्त्याकडे बघत त्यांनी ते म्हटलंही असतं. इथं समोर भिंत होती, आणि भिंतीपाशी बायको कान देऊन उभी होती.

"हो," ते म्हणाले. "बसलं की लावता येतो."