भातकुलीचे दार

मित्रांनो, मी एक जुना संगणक आहे. अकोल्याच्या जुन्या शहरात एका छापखान्यात मी आधी लग्नपत्रिकांची अक्षरे जुळवायचो. नवा संगणक आला तशी माझी रवानगी माळ्यावर झाली. तिथून मला उतरवले ते शाळेत शिकवणाऱ्या ज्योत्स्नाताईंनी.

गप्पांसाठी एकाच बड्या कंपनीच्या दारात का बसायचे, असे म्हणून गावोगावच्या लोकांनी आपापल्या संगणकांवर गप्पांचे ओटे बांधले होते. एका ओट्यावरचे बोलणे इंटरनेटवरून दुसऱ्यावर ऐकू जाई. अकोल्याचा ओटा ज्योत्स्नाताई माझ्या पोटात चालवत, भातकुली गावचा तिथला अश्विन त्याच्या संगणकात.

भातकुलीच्या सुंदराबाई रोज सकाळी सातला रानभाजीचा फोटो टाकत. चिवळ कोणती, घोळ कोणती, हे त्यांनीच अकोल्याला शिकवले. माझ्याकडची तीनशे बारा माणसे त्यांच्याशी जोडलेली होती. तेव्हा मी फार ऐटीत असे, खोटे कशाला बोलू?

माणसे वाढली, तशी भांडणेही वाढली. निस्तरायला ज्योत्स्नाताई एकट्या. सहामाहीचे पेपर तपासायला पडलेले, आणि भातकुलीच्या भगवंतने शिवीगाळ मांडलेली. एका दिवसात एकेचाळीस तक्रारी आल्या. एकट्या भगवंतला गप्प करता आले असते. पण ताई वैतागल्या होत्या. त्यांनी अख्ख्या भातकुलीचेच दार लावले, आणि तिकडच्या सगळ्यांशी जोडलेले धागे तुटले. सुक्याबरोबर ओलेही जळाले, आणि काडी मीच ओढली. हुकूम पाळण्यापलीकडे मला काय येते?

आठ दिवसांनी अश्विनने भगवंतला काढून टाकले, आणि ताईंनी दार उघडले. पण तुटलेले धागे आपोआप जुळत नाहीत. ज्याने त्याने ते पुन्हा जोडावे लागतात. हे कोणी कोणाला सांगितलेच नाही.

सुंदराबाईंचे फोटो मात्र चालूच होते. पाहणारे उरले भातकुलीचे इनमीन अकरा. दिवाळी झाली, हरभरा वर आला, आणि त्या थांबल्या.

उन्हाळ्याच्या तोंडाशी अकोल्यात कोणीतरी विचारले, ही चिवळ की घोळ? दोन दिवस उत्तर आले नाही. तेव्हा कुठे ताईंना सुंदराबाईंची आठवण झाली. त्यांनी माझ्यासमोरच बसून स्पीकरवर फोन लावला.

"मले वाटलं, लोकायले माह्या भाज्यायचा कटाळा आला," सुंदराबाई म्हणाल्या. "मंग काहून उगा फोटो टाकत बसाचं?"

"कटाळा नाई आला, मावशी. मीनंच दार लावलं होतं. उघडल्यावर कोनाले सांगतलं नाई."



"एक फोन करा लागत होता, बाई."

त्या दिवशी ताईंनी स्वतःचा धागा पुन्हा जोडला, इतरांनाही जोडायला सांगितले. आज दोनशे नव्वद जण जोडलेले आहेत. फोटो अजून आलेला नाही.

मित्रांनो, दार लावण्याआधी आत कोण कोण बसले आहे ते पाहा. आणि उघडलेत तर नुसते उघडून ठेवू नका, नाव घेऊन हाक मारा. मला हाक मारता येत नाही. सात वाजले की मी भातकुलीकडे कान लावून बसतो, एवढेच.