भिंतीपलीकडची जागा

बेकरीच्या मागच्या खिडकीतून घड्याळवाल्या काकांची मोकळी जागा दिसायची. वीस फूट रुंद, तीस फूट लांब, नुसतं गवत आणि दगडगोटे. इकडे बेकरीवाल्याला मैद्याची पोती ठेवायची पंचाईत. भट्टीसमोर दोघं उभे राहिले की तिसऱ्याने बाहेर थांबायचं.

ती जागा त्याच्या मनात भरली ती भरलीच.

"गरज आहे आपली," तो म्हणायचा.

"याला हाव म्हणतात," बायको म्हणायची.

"अगं, एकटा माणूस. पाव नेऊन दिला तर बिघडलं कुठे?"

बारा वर्षं तो रोज सकाळी गरम पाव घेऊन काकांकडे गेला. डोळ्याला भिंग लावून, घड्याळाच्या पोटात चिमटा घालत काका अशा थापा मारायचे की हा पोट धरून हसायचा. त्यांचा पाय मोडला तेव्हा दवाखान्यात यानेच नेलं. पण निघताना नजर मागच्या दारातून फेरी मारून यायचीच.

शेवटी एकदा धीर करून त्याने विषय काढला.

"जागा ना? पुतणीच्या नावावर करायची ठरवलीय रे," काका सहज म्हणाले.

"बरं केलंत," तो म्हणाला, आणि घरी येऊन दिवसभर धुमसत राहिला. दुसऱ्या दिवशी कामाचं निमित्त झालं. तिसऱ्या दिवशी निमित्तही लागलं नाही.

"अहो, एकदा जाऊन तर या," बायको म्हणाली.

तो गेला नाही. दीड महिन्याने काकाच गेले.

पुतणीला जागेचं काही करायचं नव्हतं. तिने ती त्यालाच विकली. सह्या झाल्यावर म्हणाली, "काका तुमच्याबद्दल फार बोलायचे."

"काय बोलायचे?"

"म्हणायचे, त्याला जागेचा नाद आहे. माझ्यासाठी थोडाच येतो? पण येतो तर खरा." ती हसली. "शेवटी शेवटी सकाळी दारातच बसून असायचे."

तो कागदांची घडी घालत राहिला.

नवी भट्टी झाली, पोती ऐसपैस मावली, धंदाही वाढला. बायको आता हाव हा शब्द काढत नाही. पण त्या बारा वर्षांत कितीतरी सकाळी जागेची त्याला आठवणसुद्धा नसायची, नुसतं काकांशी बोलायला म्हणून तो गेलेला असायचा. हे त्यांना सांगायचं तेवढं राहून गेलं.