एक्केचाळीस नंबरचा खिळा

सोन्याच्या खाणीवर वसलेलं ते गाव साठ वर्षं ऐटीत जगलं. थिएटर होतं, बँक होती, मुलींची वेगळी शाळासुद्धा होती. मग टनभर दगड फोडूनही अंगठीपुरतं सोनं निघेना, आणि कंपनीने गाशा गुंडाळला. आज गाव रिकामं व्हायचं होतं. अकराला पंप बंद करायचे, खाण आपोआप पाण्याने भरणार. दोनला वीज तोडायची. त्याआधी सगळी माणसं ट्रकमध्ये.

आणि नेमकी अशाच वेळी बिल्लेमामाने माती खाल्ली.

मामाचं काम अठ्ठावीस वर्षं एकच. खाणीच्या तोंडाशी एक फळी, तिच्यावर चौऱ्याण्णव खिळे, प्रत्येक खिळ्यावर नंबराचा पितळी बिल्ला. खाली उतरणारा आपला बिल्ला घेऊन जाई, वर आला की परत अडकवी. एकही खिळा रिकामा असेपर्यंत पंप बंद करू द्यायचा नाही, मग साहेब का बोंबलेना! पण काल संध्याकाळी सगळ्यांनी मामाला घेरलं. "मामा, आयुष्य गेलं इथे. आठवण म्हणून बिल्ला तरी द्या." एरवी नाकावर माशी बसू न देणारा हा खडूस माणूस विरघळला. सगळे बिल्ले वाटून मोकळा झाला. आज सकाळी शेवटची पाळी अवजारं वर काढायला उतरली, तेव्हा फळी आधीच रिकामी होती. कोण गेलं, कोण आलं, कळायला काही मार्गच उरला नव्हता.

सव्वाअकराला त्याची लेक धावत आली. वर्षभरापूर्वीच लग्न झालेलं, नवराही याच खाणीतला.

"बाबा, हे कुठे आहेत?"

"घरी नाहीत?"

"पहाटे पाचला गेले. म्हणाले, शेवटची पाळी आहे."

पंप बंद होऊन पाव तास झाला होता.

तो लिफ्टवाल्याकडे धावला. "खाली किती उतरले होते?"

"वीस असतील, बावीस असतील. मोजायचं काम तुमचं ना, मामा?"

ते खरंच होतं, म्हणून जास्त झोंबलं. पाळीवरच्यांना विचारलं तर एक म्हणाला, जावई मागच्या खेपेला होता. दुसरा म्हणाला, छे, दिसलाच नाही. मामाने पंपवाल्याला गाठलं. "चालू कर."

"साहेबांना विचारा आधी."

"साहेबांना मी बघतो. तू चालू कर, नाहीतर मी करतो, आणि मला ते येत नाही!"

पंपवाल्याने मुकाट्याने खटका ओढला. मामा ट्रकांपाशी गेला आणि ओरडला, "सगळे खाली उतरा! बिल्ले परत अडकवा!"

लोक वैतागले. गाठोडी बांधलेली, पोरं रडत होती, आता कुठे जागा धरून बसले होते. पण एकेक जण उतरला. कोणी खिशातून बिल्ला काढला, कोणी ट्रंकेच्या तळातून. एकाने तर बायकोच्या गळ्यातल्या दोऱ्यातून सोडवला. खिळे भरत गेले. लेक प्रत्येक माणसाच्या हाताकडे बघत उभी होती. शेवटी एक खिळा उरला, एक्केचाळीस. जावयाचा.

मामा अठ्ठावीस वर्षांत एकदाही खाली उतरला नव्हता. अंधाराची त्याला भयंकर भीती वाटे, आणि हे लेकीलाही ठाऊक नव्हतं. पाळीवरचे दोघं जण शोधायला निघाले, तेव्हा तोही लिफ्टमध्ये घुसला. तळाच्या बोगद्यात पाणी कमरेपर्यंत चढलं होतं. "जावईबापू!" तो घसा फुटेस्तोवर ओरडला. सगळे फाटे पाहिले. काहीच मिळालं नाही, साधी टोपीसुद्धा नाही.

वर आला तेव्हा एक वाजला होता. पहाटे सामान घेऊन गेलेला ट्रक दुसऱ्या खेपेसाठी परतला होता. गर्दी बघून ट्रकवाला कडेला उभ्या मामाजवळ आला.

"कोणाला शोधताय? तुमच्या जावयांना म्हणे? अहो, ते तर पहाटे माझ्याच गाडीत होते. स्टेशनवर सोडलं. पेटी कालच चढवली होती त्यांनी. म्हणाले, बायको वडिलांकडेच राहणार आहे. मला वाटलं, तुम्हाला माहीत आहे."

मामाचा जीव भांड्यात पडला, आणि पाठोपाठ असा संताप आला की ट्रकवाल्याचंच थोबाड फोडावं. क्षणभर त्याला वाटलं, खाली सापडला असता तर पोरीला निदान मोकळेपणाने रडता आलं असतं. असं वाटल्याची त्याला लगेच लाज वाटली.

बापाबरोबर नवरा वर आला नाही हे बघून लेक फळीपाशीच बसली होती.

"जिवंत आहे गं!" मामा म्हणाला.

ती धावत आली, बापाच्या ओल्या सदऱ्याला बिलगली, हसायला लागली, रडायला लागली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मग तिने मान वर केली.

"मग कुठे आहेत?"

सगळं गाव ऐकत होतं. मामाने तिला जरा बाजूला घ्यायला पाहिलं, पण ती हलेना.

"गेला," तो म्हणाला. "पहाटेच गेला. पेटी घेऊन."

टाळ्या थांबल्या. लोक उगाच आपापल्या गाठोड्यांकडे बघू लागले. पंपवाल्याने खटक्यावर हात ठेवून विचारलं, "मामा, बंद करू का?"

मामाने लेकीकडे पाहिलं.

"करा," लेक म्हणाली, आणि ट्रककडे चालायला लागली.